रत्नागिरीत सकाळी उशिरा, पण भरपेट: चांगली जागा कशी शोधावी?

ताई, उत्तर कशाला धरून आहे ते कळावं म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही सहा जण पुण्याहून रत्नागिरीला येताय, मुक्काम तीन दिवसांचा. सुट्टीत घरात कुणी लवकर उठत नाही, म्हणून नाश्ता आणि जेवण वेगळं न करता साडेदहा-अकराला एकदाच ऐसपैस बसून खायचं, पुण्यात तुम्ही ज्याला ब्रंच म्हणता तसं. सासूबाई शाकाहारी, बाकी सगळे मासे खाणारे. नेटवर शोधलं की मोठ्या हॉटेलांचे बुफे आणि मासळी-थाळीची तीच ती नावं येतात. मग खरोखर चांगली ठिकाणं शोधायची कशी?

मी रत्नागिरीत बरीच वर्षं खानावळ चालवली. आता होमस्टेवाल्यांच्या पाहुण्यांची खाण्यापिण्याची व्यवस्था लावून देते. माझं सरळ मत आहे की इथे आधी पदार्थ ठरवावा, मग तो त्या वेळेला गरमागरम कोण करून देतं ते शोधावं आणि आदल्या संध्याकाळी सांगून ठेवावं. हॉटेलचं नाव सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की तीनही दिवस पोहे नि मिसळीवर भागवावं लागतं, आणि कोकणात येऊन तसं व्हावं याचं मला फार वाईट वाटतं.

असं का होतं ते स्वयंपाकघराच्या वेळापत्रकात आहे. नाश्त्याची दुकानं सकाळी सातच्या आगेमागे उघडतात. पोहे, उपमा, बटाटेवडा, मिसळ, चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी. दहा-सव्वादहापर्यंत पातेली तळाला आलेली असतात. जेवणाच्या खानावळी बाराला ताट वाढायला लागतात, आणि साडेदहाला त्यांच्या आत काय चाललेलं असतं? कुणी खोबरं खवतंय, कुणी खोबऱ्या-मसाल्याचं वाटप वाटतंय, बाजारातून आलेली मासळी मोरीपाशी साफ होतेय, भाताचं आधण चढायचंय. अशा वेळी सहा माणसं दारात उभी राहिली तर मालक “या, बसा” म्हणतोच. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणं कुणाच्याही जिवावर येतं. पण मग पानात पडतं ते एक तर सकाळचं उरलेलं, नाही तर दुपारचं घाईने उकळलेलं. कालवणाला तिरफळाचा वास लागायला थोडा वेळ द्यावा लागतो, तो मिळालेला नसतो. त्यात स्वयंपाकीणबाईचा दोष नाही, वेळच अडनिडी.

याच वेळेला कोकणातला शेतावरचा माणूस मात्र पिढ्यान्‌पिढ्या पोटभर खात आला आहे. पहाटे चहा, मग काम, आणि ऊन वर आलं की न्याहारी. आमच्याकडे नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, सोबत भाजलेली सुकट. खाली सिंधुदुर्गात उकड्या तांदळाची पेज. उकडा तांदूळ लालसर, जाडा, दाणा मऊ होऊनही न फुटणारा; पेज पातळ, नुसत्या मिठाची. तिच्याबरोबर आंब्याचं खारातलं लोणचं, काळ्या वाटाण्याची उसळ नाही तर निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. ब्राह्मणी घरांत मऊ भात, मेतकूट, घरचं तूप आणि पोह्याचा पापड. तुम्हाला हव्या त्या वेळेचं, हवं तेवढं भरीव खाणं इथे आधीपासून आहे. ते पाटीवर लिहिलेलं नसतं, कारण बहुतेक लोक ते घरीच खातात. म्हणून शोधायचं ते घर, किंवा घरासारखी चालणारी छोटी खानावळ.

आता शोध कसा घ्यायचा. सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे घरगुती कोकणी पदार्थ विकणारं दुकान. आंबापोळी, फणसपोळी, कोकमचं आगळ, कुळथाचं पीठ, वड्याचं पीठ हे जिथे मिळतं ते. राम आळी आणि बाजारपेठेत अशी दुकानं आहेत. त्यांचा बराचसा माल शहरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या बायका आणि बचत गट करून देतात. दुकानदाराला कुणाच्या हाताला चव आहे हे पक्कं माहीत असतं, कारण त्याचं रोजचं गिऱ्हाईक त्यावर अवलंबून आहे. त्याला “नाश्ता कुठे चांगला मिळेल?” असं विचारू नका, तो समोरचं हॉटेल दाखवील. “घावनं ऑर्डरने कोण करून देतं?” असं विचारा; घावन म्हणजे तांदळाच्या पिठाचं पातळ, जाळीदार धिरडं. मग एक फोन नंबर मिळतो आणि पलीकडून कुणी काकू बोलतात. दुसरी जागा म्हणजे पिठाची गिरण. वड्याचं पीठ, भाजणी, घावनाचं पीठ मोठ्या प्रमाणात कोण दळून नेतं हे गिरणीवाल्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

हॉटेलातच जायचं असेल तर जयस्तंभाच्या बाजूला, कोर्ट-कचेरीच्या आसपासच्या छोट्या जागा बघा. तिथे लांजा, राजापूर, संगमेश्वराकडून तारखेला किंवा कचेरीच्या कामाला माणसं येतात. पहाटेची एसटी धरून आलेला माणूस अकराच्या सुमाराला खरा भुकेलेला असतो, म्हणून त्या भागात कढई उशिरापर्यंत तापती राहते. मात्र हे फक्त कामाच्या दिवशी. रविवारी तिथे शुकशुकाट. आठवडा बाजाराच्या दिवशीही असंच: गावातून भाजी घेऊन आलेल्या बायका दहा-अकराला खातात, त्यांच्या आजूबाजूला काय विकलं जातंय ते पाहावं. मांडवीच्या किनाऱ्यावरच्या गाड्यांची नावं तुम्हाला बरीच जण सुचवतील. ती जागा संध्याकाळची आहे, सकाळी तिथे वारा खायला जा.

नेटवरचे अभिप्राय मीही वाचते, पण तारे मोजत नाही. अभिप्रायांत ‘घावन’, ‘आंबोळी’, ‘मोदक’ असे शब्द मराठीत टाकून शोधा. पर्यटक ‘छान जेवण, चांगली सर्व्हिस’ लिहितो. ज्याला कळतं तो पदार्थाचं नाव घेतो. पावसाळ्यात लिहिलेले अभिप्राय मे महिन्यातल्यांपेक्षा जास्त विश्वासाचे, कारण तेव्हा येणारा इथलाच असतो. नकाशावर दिलेल्या वेळांवर मात्र विसंबू नका. छोट्या खानावळीवाल्या बाईंनी त्या कधी बदललेल्या नसतात, घरात कार्य असलं की दुकान बंद. फोन करावा.

आता घावनाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण स्वयंपाकघर पारखायला याहून चांगला पदार्थ नाही. तांदळाचं पीठ, पाणी, मीठ, बस्स. पीठ ताकासारखं पातळ लागतं. बिडाचा तवा चांगला तापवून नारळाच्या शेंडीने किंवा अर्ध्या कांद्याने तेल पुसायचं आणि पीठ कडेकडून मध्यापर्यंत ओतत यायचं. डोशासारखं ते पसरायचं नसतं. तवा पुरेसा तापलेला असेल तर पीठ पडताक्षणी चर्र आवाज येतो आणि जाळी सुटते. वर झाकण. कडा आपोआप सुटल्या की घावन झालं. अस्सल घावन पांढरंशुभ्र, मऊ आणि घडी घातली तरी न तुटणारं असतं. तवा थंड असेल तर जाळी पडत नाही, आणि पीठ नीट ढवळलं नसेल तर तळाशी बसून शेवटची घावनं जाड येतात. आता तुम्हाला पारख करायची असेल तर एवढंच पाहा: घावनं एकेक करून पानात येताहेत की चार-पाच एकदम, एकावर एक रचून? एकेक येत असतील तर खुशाल बसा. रचून आली तर ती आधी करून ठेवलेली आहेत, एकमेकांना चिकटलेली असतील आणि कडा वातड. सहा जणांना एकाच तव्यावरून घावनं खायला घालायची तर वेळ लागतोच. कुणी चटकन आणून दिली म्हणून खूश होऊ नका.

आंबोळी निराळी. तिच्यात उडीद आणि थोडी मेथी, पीठ रात्रभर आंबवलेलं, त्यामुळे ती जाड आणि जाळीदार. ती आदल्या रात्री भिजवावी-वाटावी लागते, म्हणून सकाळी जाऊन “आंबोळी आहे का?” विचारण्यात अर्थ नाही. शिरवळ्यांचंही तेच: तांदळाच्या उकडीच्या शेवया साच्यातून दाबून काढायच्या आणि गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसाबरोबर खायच्या. दाबायला जोर लागतो, दोन माणसं लागतात. सांगून ठेवल्याशिवाय कुणी करत नाही, आणि दोन माणसांसाठीही करत नाही. तुम्ही सहा जण आहात, हा तुमचा फायदा आहे.

नारळाच्या रसाच्या पदार्थांबाबत एक सावधगिरी. रस त्याच सकाळी काढलेला असला पाहिजे. फेब्रुवारीपासून इथे ऊन तापायला लागतं, आणि नारळाचा रस उन्हाळ्यात फार वेळ टिकत नाही, आंबूस वास येतो. म्हणून शिरवळ्यांचा रस किंवा सोलकढी बांधून घेऊन फिरायला निघू नका, जागेवरच संपवा. सोलकढी समोर आली की आधी रंग बघा. आगळाची आणि ताज्या रसाची सोलकढी फिकट गुलाबी असते. गडद, भडक गुलाबी दिसली तर मी पीत नाही.

मासळीबद्दल. अकरा वाजता पूर्ण मासळी-थाळीचा आग्रह धरू नका, असं मी सगळ्यांना सांगते. मिरकरवाडा बंदरावरून सकाळी घेतलेली मासळी साफ होऊन, वाटप लागून, कालवण होईपर्यंत बारा वाजतातच. त्याआधी मिळणारं पापलेटचं कालवण बहुधा आदल्या दिवशीच्या मासळीचं असतं. त्या वेळेला जमणारे मासळीचे प्रकार वेगळे आहेत आणि मला तर ते थाळीपेक्षा जास्त आवडतात. तांदळाच्या भाकरीबरोबर सुक्या जवळ्याची चटणी, सोडे म्हणजे सुकी कोळंबी घालून केलेली वांग्याची भाजी, तिसऱ्यांचं म्हणजे शिंपल्यांचं सुकं. तिसऱ्या सकाळी आणल्या की फारशा वेळखाऊ नसतात, आधीच सांगितलं तर साडेअकरापर्यंत होतात. बांगडा तळून हवा असेल तर तोही अर्ध्या तासाचं काम, फक्त बांगडा सकाळचाच आहे का हे विचारा. बरोबरचे लोक हट्टाने सुरमईच मागत असतील तर सरळ साडेबारापर्यंत थांबा आणि मधे कोकम सरबत प्या. हे वाचणाऱ्या इतरांसाठी एवढंच की 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, त्या काळात ताज्या समुद्री मासळीच्या मागे लागू नये, कोंबडी-वडे खावेत.

तुमच्या येण्याचा काळ मात्र सोन्यासारखा आहे, आणि याचा उपयोग करून घ्या असं मला मनापासून वाटतं. हापूस अजून महाग आणि थोडा, त्याची हळहळ करू नका. फेब्रुवारी-मार्च म्हणजे ओल्या काजूगरांचा हंगाम. हिरव्या काजूबिया चिरून आतला गर काढायचा; बीच्या सालीतला चीक हाताला लागला तर कातडी सोलून निघते, म्हणून बायका हाताला तेल किंवा राख चोळून बसतात. एवढी मेहनत असते म्हणून ते महाग असतात, भाव ऐकून घासाघीस करू नका. ओल्या काजूगरांची उसळ, ओलं खोबरं, थोडा गूळ, आणि सोबत घावन किंवा वडे. सासूबाईंना हे मिळालं तर मासे खाणारे त्यांच्या पानाकडे बघत बसतील. याच दिवसांत कोवळ्या फणसाची, म्हणजे कुयरीची भाजीही मिळते. दोन्ही गोष्टी पाटीवर सापडणार नाहीत, विचाराव्या लागतात.

मी तुमच्या जागी असते तर तीन दिवस असे लावले असते. पहिल्या दिवशी काही ठरवू नका. सकाळच्या वंदे भारतने आलात तर पनवेलहून चढून साधारण दहाच्या आसपास रत्नागिरी स्टेशनला उतराल. स्टेशन कुवारबावला, शहरापासून थोडं लांब. शहरात येईपर्यंत नाश्त्याची वेळ सरत आलेली असते. तेव्हा जयस्तंभाकडे जे गरम असेल ते हलकं खा आणि साडेबाराला मासळीची थाळी जेवा. त्याच दुपारी बाजारात जाऊन दुकानदाराकडून नंबर मिळवा आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचं बोलून ठेवा. हा फोन संध्याकाळी सातच्या आत करा, कारण तांदूळ-उडीद भिजत घालायचे तर त्यानंतर उशीर होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नदुर्गावर जाऊन या. वर भगवतीचं देऊळ आहे आणि खाली मिरकरवाड्याचं बंदर दिसतं. उतरून अकराला घावनं, काजूची उसळ, मासेवाल्यांना तिसऱ्यांचं सुकं. हे जेवण घाईत आटोपू नका. घावन तव्यावरून येईल तसं खायचं, तीन माणसं खाताहेत आणि तीन वाट बघताहेत असंच चालतं, आणि तशीच मजा येते.

तिसऱ्या दिवशी आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला जा, साधारण 25 किलोमीटर. रस्ता समुद्राच्या कडेने जातो, मुलं खूश होतील. तिथे देवळाच्या आसपासच्या शाकाहारी घरगुती खानावळींत उकडीचे मोदक मिळतात, पण माणशी किती हवेत ते आदल्या दिवशी सांगावं लागतं. मऊ भात-मेतकूट किंवा तांदळाची उकड मिळते का तेही त्याच फोनवर विचारा. अंगारकी किंवा संकष्टी असेल तर हा दिवस बदला. गर्दीत कुणालाच नीट खायला मिळत नाही आणि करणाऱ्यांचाही जीव मेटाकुटीला येतो.

तुम्ही पुढे कधी मालवण किंवा सावंतवाडीचा विचार कराल असंही लिहिलंय. तिकडे हीच रीत चालते, पदार्थ बदलतात: आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ, नारळाच्या गोड रसात बुडवून खायची खापरोळी, पेज. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे गोव्याचा शेजार जाणवतो, सकाळी उसळ-पाव चांगला मिळतो. आणि मुलांना अंडी, टोस्ट, कॉफी असाच ब्रंच हवा असेल तर तो अलिबाग-मांडवा भागात शोधा. मुंबईहून मांडव्याला रो-रो बोट 2020 साली सुरू झाल्यापासून शनिवार-रविवारी तिथे मुंबईकरांची वर्दळ आणखी वाढली, आणि त्यांच्या सवयीची कॅफे त्या बाजूला आहेत. रत्नागिरीत त्याच्या मागे लागू नका, इथे ते मनापासून कुणी करत नाही.

फोनवर बोलताना दोन गोष्टी स्पष्ट सांगा. एक, माणसं किती आणि त्यात लहान मुलं किती, आणि सांगितलेला आकडा पाळा. काकूंनी सहा जणांचा नारळ फोडला आणि तुम्ही चार जण आलात तर उरलेला रस त्या टाकूनच देतात. शक्य असेल तर थोडे पैसे आधी पाठवा, त्या मागणार नाहीत तरी. दुसरं सासूबाईंचं. त्या नुसत्या शाकाहारी आहेत की कांदा-लसूणही वर्ज्य आहे? इथल्या बऱ्याच उसळींच्या वाटपात भाजलेला कांदा असतो आणि तो वाटल्यावर काढता येत नाही. तेव्हा कांदा चालत नसेल तर उसळीचं वाटप नुसत्या ओल्या खोबऱ्याचं करायला सांगा. घावनं मासळीच्या तव्यावर घातलेली चालतील का हेही त्यांना आधी विचारून ठेवा. बऱ्याच घरी घावनाचा तवा वेगळाच असतो, पण सांगितलेलं बरं.